मोरचुदाचं पाणी

धुणं वाळत घालून वैजयंती मोरीमागच्या फळीकडं गेली आणि तिथंच थबकली. निळ्या पाण्याचा कॅन जागेवर नव्हता.

वैजयंतीला घरी सर्किट बोर्ड बनवायचा नाद होता. आयटीआयला शिकलेलं लग्नानंतर अठरा वर्षं तसंच पडून होतं, ते तिनं गेल्या साली मोबाईलवर बघून बघून पुन्हा उकरून काढलं. कागदावर छापलेली नक्षी इस्त्रीनं तांब्याचा पातळ थर असलेल्या पाटीवर उतरवायची आणि ती पाटी पावडरीच्या पाण्यात बुडवायची. नको असलेलं तांबं विरघळून जातं, रेघा तेवढ्या उरतात. एवढ्याशा रेघांसाठी बाई दोन-दोन तास जेवण विसरायची. नवरा भरत म्हणायचा, आमच्या घरात इस्त्रीचा कपड्यांशी काही संबंध उरलेला नाही. हसून म्हणायचा; पण परवा त्याच्या नव्या शर्टावर त्या पाण्याचे पांढरे ठिपके उमटले तेव्हा तो हसला नव्हता.

तांबं खाऊन ते पाणी सुरेख निळं व्हायचं. गटारात ओतायचं नसतं म्हणून ती ते साठवायची. कॅनवर नाव लिहायचं मात्र रोज उद्यावर जात होतं.

“आत्या, इथला कॅन कुठंय?”

“मोरचुदाचा व्हय?” शेंगा निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या. “ह्यांनी नेला की सकाळी. मेंढरांची खुरं सडाया लागलीत न्हवं! म्हनलं, बरं झालं, वैजंतानं आयतंच भिजवून ठिवलंय.”

सासरे यमाजी दरवर्षी खुरांवर औषध म्हणून मोरचुदाचे खडे विरघळवून मेंढरांना त्या पाण्यातून चालवत. तेही पाणी असंच निळं. पण वैजयंतीच्या पाण्यात तांबं खाणारी ती पावडरही होती. सडलेल्या खुरांचं ती काय करील? आणि एखाद्या मेंढीनं तोंड घातलं तर?

यमाजींचा फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

कळप पिंपरी पेंढारला एका शेतकऱ्याच्या रानात बसवला होता. तिनं वारूळवाडीतून स्कूटर काढली ती आळेफाट्याच्या गर्दीत अडकेपर्यंत थांबली नाही. तिथं पुन्हा फोन लावला. पुन्हा नुसती रिंग. डोळ्यांपुढं त्रेसष्ट मेंढरं पाय झाडत पडलेली दिसायला लागली. मग भरतचा चेहरा दिसला, मग अंगणात भिरकावलेल्या तिच्या पाट्या. अशा वेळी आपल्याला पाट्यांची काळजी वाटते याची तिला लाज वाटली, तरी काळजी वाटतच राहिली.

रानात पोचली तेव्हा मेंढरं बाभळीखाली निवांत रवंथ करत होती. तिनं उभ्याउभ्या मोजली. त्रेसष्ट. पुन्हा मोजली. सगळी धड होती. पलीकडं पत्र्याचा पसरट हौद पालथा पडला होता आणि माती निळी झाली होती. यमाजी बांधावर बसले होते, दोन्ही पाय पाण्याच्या बादलीत घालून.

“मामा, ते मोरचूद नव्हतं!”

“कळलं मला. लई चावलं.”

“चावलं? तुम्ही हात घातला त्यात?”

“पाय घातलं. मेंढरू काय आपल्या मनानं पान्यात जातंय व्हय? आधी मानसानं उतराया लागतं, मग ते मागनं येतं. आग आग झाली तसा हौद पालथा केला.”

त्यांनी पाय वर काढला. टाचेच्या भेगा लालभडक झाल्या होत्या, बोटांमधली कातडी सुटली होती. वैजयंती खाली बसली आणि तांब्यानं त्यावर स्वच्छ पाणी ओतायला लागली.

“दवाखान्यात चला, मामा.”

“चलतो. पर भरतला सांगू नगं. मोरचूद जास्त पडलं म्हनतो मी. न्हाईतर त्यो तुजं समदं उचलून उकिरड्यावर टाकील.”

“नाही मामा. मीच सांगणार.”

साऱ्या वाटेनं तिनं मेंढरं मोजली होती, पाट्या मोजल्या होत्या. या पायांची आठवण तिला एकदाही झाली नव्हती. तिला हुंदका आवरेना.

“रडू नगं, वैजंता,” यमाजी हळूच म्हणाले. “मेंढरं बिचकत्यात.”