रांजणातला कवेलू

वर छपराकडे काय पाहता? इकडे, या रांजणात पाहा. मी फुटका कवेलू, म्हणजे छपरावरचं कौल, बोलतोय. माझ्या अंगावर तपकिरी, बुळबुळीत थर आहे म्हणून नाक मुरडू नका. तो मी कमावलेला आहे.

एकोडीच्या सेवकरामांच्या छपरावर मी पुष्कळ वर्षं ऊन खाल्लं. दर उन्हाळ्यात छप्पर फेरताना ते आम्हाला एकेक करून उचलत, टिचकी मारून पाहत आणि परत बसवत. स्वतःच्या दुखण्याची एवढी चौकशी माणसं करत नाहीत. मग एकदा वानरांची टोळी छपरावरून नाचत गेली आणि मी फुटलो. तिथून थेट उकिरड्यावर. तिथे खापरं होती, नारळाच्या शेंड्या होत्या, सगळेच माझ्यासारखे रिकामटेकडे.

मला तिथून उचललं सेवकरामांच्या बायकोने, शकुनबाईने. तेव्हा एकोणऐंशी साल होतं. शेताजवळची त्यांची बोडी, म्हणजे लहानसं तळं, उन्हाळ्यात आटत असे. म्हणून बोडीत सोडायची रोहूची पिल्लं ती अंगणातल्या टाक्यात जगवत होती. मागच्या वर्षी टाक्याचं पाणी नासलं, सगळी पिल्लं मेली आणि बोडी वर्षभर रिकामी राहिली. लोक हसले ते वेगळंच.

या वेळी तिने बुडाला भोक पडलेला रांजण टाक्याच्या काठावर ठेवला. खाली शेंड्या, त्यावर आम्ही कवेलू आणि खापरं, सगळ्यात वर जुन्या लुगड्याची घडी. सकाळ-संध्याकाळ टाक्यातलं पाणी काढून ती रांजणात ओती आणि ते आमच्या अंगावरून झिरपत परत टाक्यात पडे.

"अवं, उकिरड्यातून पानी गाळून राहिली का?" सेवकराम म्हणाले.

"पाहा त खरं तुमी," ती म्हणाली.

महिन्याभरात माझ्या अंगावर हा थर चढला. डोळ्यांना न दिसणारे जीव माझ्या बारीक छिद्रांत राहायला आले होते. मासळीची घाण तेच पचवत. पाण्याचा वास गेला, पिल्लं बोटाएवढी झाली. छपरावर असताना मी पाऊस अडवला होता, पण कुणाला जगवलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

एवढ्यात घरात लग्न निघालं. शकुनबाईच्या लेकीचं, बेबीचं. मोहाडीहून सेवकरामांची थोरली बहीण कौशल्याबाई आली. हौशी आणि हात क्षणभर स्वस्थ नाहीत. शकुनबाई साकोलीला बाजार करायला गेली होती, तेवढ्यात कौशल्याबाईची नजर रांजणावर पडली.

"वऱ्हाडी येतीन अन् हे शेवाळ दिसन? मले पाहावत नाही बाप्पा."

तिने आम्हाला बाहेर काढलं, चुलीतल्या राखेने खसाखसा घासलं, कडक उन्हात वाळवलं आणि परत रांजणात रचून वर लुगड्याची घडी घातली, म्हणून शकुनबाईला काही दिसलं नाही. मी भट्टीतून निघालो तेव्हाही इतका लाल नव्हतो. पण माझ्या अंगावरची सगळी वस्ती मेली होती.

दोन-तीन दिवसांत पिल्लं वर येऊन तोंडं वासू लागली. काही उलटी झाली. मी लालभडक बसून नुसता पाहत होतो. माझा जीव तुटत होता.

हळदीच्या ताटावरून उठून शकुनबाई धावत आली. रांजणात हात घातला आणि मला चाचपून पाहिलं. "बाई, त्या घाणीतच त जीव होता," एवढंच म्हणाली.

कौशल्याबाईच्या हाताला हळद तशीच होती. ती ताडकन उठली. घागर उचलून विहिरीवर गेली आणि टाक्यातलं अर्धं पाणी तिने एकटीने बदललं. मग बोडीतल्या उरल्यासुरल्या डबक्यातले बुळबुळीत दगड ओल्या पोत्यात घालून आणले आणि आमच्यात मिसळले. दुधात विरजण घालावं तसं.

लग्न लागलं, वरात गेली, तरी ती मोहाडीला परतली नाही. रोज ताजं पाणी घालत राहिली. हळूहळू माझ्या अंगावर थर चढू लागला. अर्ध्याहून जास्त पिल्लं जगली. बोडी भरली तेव्हा शकुनबाईने ती घागरीने पाण्यात सोडली आणि उभ्या उभ्याच रडली.

आता मी कोंढ्याला बेबीच्या सासरी आहे. लग्नानंतरच्या उन्हाळ्यात तिनेही टाकं बांधलं, पण नव्या खापरांवर थर चढेपर्यंत पिल्लांनी कुठे थांबायचं? म्हणून मला इकडे आणलं. तुमच्याही घरामागे माझ्यासारखं काही पडलं असेल. कामाला लावा, गढूळ झालं तर टाक्याच्याच पाण्यात हलकेच विसळा, पण राख लावू नका.

मला इथे आणलं कौशल्याबाईने. एस.टी.त तिने मला ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर धरलं होतं आणि तांब्यातलं पाणी ती थोडं थोडं शिंपडत होती. शेजारच्या बाईने विचारलं, "काय हाय वो त्याच्यात?"

"माह्या भाचीले माहेरचं विरजन नेऊन राहिली," ती म्हणाली आणि फडकं पुन्हा ओलं केलं.