पाच नंबरची टाकी

हरिहररावांनी साखरेचा डबा वर्तमानपत्रात गुंडाळला, वर सुतळीची गाठ मारली आणि तो कामावर न्यायच्या पिशवीत टाकला. पद्मा स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती.

"अहो, कपाटात कुलूपबंद केला असतात तरी चाललं असतं."

"किल्ली घरातच राहते," हरिहरराव म्हणाले.

पद्मा हसली. ऑपरेशनला दोन महिने होऊन गेले होते. छातीवरची जखम भरली होती, पण हसताना तिचा हात अजून आपोआप तिथे जाई.

घरात दुखणं आलं की माणसं देवाकडे जातात. हरिहरराव ग्रंथालयात गेले. पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात ते सतरा वर्षं केमिस्ट होते. तीन मजली टाकीत बुरशी वाढवायची, तिला मोजून साखर पाजायची, हवा फुंकायची आणि तिच्याकडून औषध काढून घ्यायचं, हा त्यांचा संसार. कारखान्याच्या ग्रंथालयात त्यांना एका जर्मन शास्त्रज्ञाचा जुना निबंध सापडला. कर्करोगाची पेशी, त्याने मोजून दाखवलं होतं, भरपूर हवा असतानाही साखर आंबवून जगते. हरिहररावांच्या अंगावर काटा आला. पन्नास वर्षांपूर्वी, काचेच्या चार नळ्या घेऊन, एका माणसाने हे पाहिलं! त्यांनी निबंध उभ्यानेच दोनदा वाचला. त्यात उपाय काही दिला नव्हता. तो हरिहररावांनी पदरचा घातला: साखर तोडायची.

साखर गेली, तिच्यामागे गूळ, भात, केळी आणि बटाटे गेले. दर रविवारी ते पद्माला कारखान्याच्या गोदामातल्या काट्यावर उभी करत. तीन आठवड्यांत ती सेहेचाळीसवरून बेचाळीस किलोवर आली. त्यांनी आलेखाच्या कागदावर रेघ काढली. रेघ सुंदर उतरत होती. पुण्याचे डॉक्टर सोमवारपासून किरणांचा शेक देणार होते, आणि वजन चाळीसच्या खाली गेलं तर शेक झेपणार नाही, असंही त्यांनी बजावलं होतं. हरिहररावांनी त्यांना पत्र लिहिलं: शेक महिनाभर पुढे ढकलावा, तूर्त दुसरा उपाय चालू आहे. पत्र खिशात होतं. शनिवारी टपालात पडायचं होतं.

गुरुवारी पाच नंबरची टाकी नासली.

हे कळलं दौलतरावांना. दौलतराव निघोज्याचे, शिक्षण चौथी, टाक्यांवर ऑपरेटर. प्रयोगशाळेला जो बिघाड दुसऱ्या दिवशी समजे, तो ते झाकणाजवळून जाता जाता सांगत. साहेब लोकांना याची लाज वाटे. हरिहररावांना अभिमान वाटे, फक्त ते तसं कधी म्हणाले नव्हते.

"साहेब, पाचमधी भाईरचं कोनतरी घुसलंय. आंबूस वास हाय."

बाहेरचा जंतू शिरला की टाकी गटारात सोडायची, हा नियम. हरिहररावांनी चष्मा पुसला.

"टाकायचीच आहे, तर एक दिवस थांबू. साखरेचा नळ बंद करा."

दौलतरावांनी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि नळ बंद केला.

शुक्रवारी दुपारी हरिहरराव सूक्ष्मदर्शकावर वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. बुरशीचे धागे तुटून विरघळले होते. घुसलेला जंतू मजेत वळवळत होता.

"दौलतराव, हा तर वाढलाय. साखर तर बंद होती ना?"

"बंदच हाय की. बुरशी मेली, आता तिलाच खातोय त्यो."

"म्हणजे उपाशी मेली ती आपली."

"साहेब, वैरण तोडली तर आधी गाय वाळती. गोचीड न्हाई वाळत." दौलतरावांनी हात पुसले. "आन् गोचीड उपटायची असंल, तर गाय पायावर उभी पायजे."

हरिहररावांनी पुन्हा भिंगात पाहिलं. जर्मन चुकला नव्हता. गोचीड काय खाते, एवढंच त्याने सांगितलं होतं, आणि कुणाला सुचलं नसतं असं सांगितलं होतं. वैरण तोडा असं तो कुठे म्हणाला होता?

संध्याकाळी ते साखरेचा डबा घेऊन घरी आले, त्याची सुतळी सोडली आणि डबा फळीवर जागच्या जागी ठेवला. खिशातलं पत्र काढून त्याचे चार तुकडे केले आणि ते चुलीशेजारच्या टोपलीत टाकले. पद्माने डब्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं. ऑपरेशननंतर दुधाने तिला मळमळे, म्हणून ती कोरा चहा पीत असे. एकटीला कशाला, म्हणून तेही कोराच पीत, आणि तीन आठवडे बिनसाखरेचा.

तिने दोन कप ओट्यावर ठेवले आणि गाळणं धुवायला वळली. हरिहररावांनी हाताशी आलेला कप उचलून घोट घेतला.

चहा गोड होता. साखरेचा नव्हे; गुळाचा, आणि तोही निघोज्याच्या गुऱ्हाळातला, किंचित खारट. दौलतराव दर दिवाळीला या गुळाची ढेप आणून देत. गेल्या दिवाळीची ढेप कधीच संपली होती, आणि यंदाची दिवाळी अजून दोन महिने लांब होती.

त्यांना आलेखातली रेघ आठवली. इतकं सगळं तोडल्यावर ती खरं म्हणजे चाळीसच्या खाली जायला हवी होती. सतरा वर्षं टाकीत काय गेलं नि काय आलं हे मोजणाऱ्या माणसाला हे दिसायला हवं होतं.

पद्मा अजून नळाशी पाठमोरीच होती. हरिहररावांनी कप होता तिथे ठेवला आणि दुसरा, कडू, आपल्यापुढे ओढला.

"सोमवारी पहिल्याच गाडीने निघू," ते म्हणाले. "शेकाला उशीर नको."

"बरं." तिने पदराला हात पुसले, वळली, ओट्यावरचे कप पाहिले. मग आपला उचलला. "तुमच्यात घालू थोडी? डबा आलाय आता."

"घाल," हरिहरराव म्हणाले. "पण आधी तू जेवून घे. भात लाव."