धोबीखान्यापुढची केझिया

"हसा की जरा, पॉकनेलबाई! पहिलं बक्षीस तुमच्याच हातून द्यायचंय," असे म्हणत फेनेला बार्कमने लाल फीत विनिफ्रेडच्या हाती दिली.

नेदर ऑल्डवेल गावात दर ऑगस्टात घरोघरच्या फाटकांशी बुजगावणी मांडली जात. यंदाचा विषय होता गावाचा इतिहास. आणि सर्वांत जुनी रहिवासी म्हणून विनिफ्रेड पॉकनेलला परीक्षकपदाचा मान लाभला होता. एकतीस वर्षे शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे उकडण्यात गेलेल्या तिच्या आयुष्याला असा मान प्रथमच मिळत होता. लोहार, पाद्री, दूधवाला अशी बुजगावणी पाहत ती आता हवेलीच्या जुन्या धोबीखान्यापाशी आली होती. इतिहास मंडळाची अध्यक्षा फेनेला आता तेथे घर करून राहत असे.

फाटकाशी कपड्यांच्या टोपलीत गवताची एक बाई उताणी पडली होती. पाय वर, झग्याची बटणे उघडी, नाकाला तांबडा रंग, हातात बाटली. गळ्यातल्या पाटीवर लिहिले होते : 'जिनवाली केझिया, धोबीण, १९५२.'

विनिफ्रेडने पाटी पुन्हा एकदा वाचली. केझिया तिची आई.

"काय हुबेहूब जमलंय!" शेजारचा म्हातारा कॉलिन खिदळला. "विनी, तुझी आई अश्शीच पडायची ना गं?"

"तू गप रे!" ती फेनेलाकडे वळली. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"अहो, तुम्हीच! मंडळासाठी तुमचं बोलणं टेप केलं होतं, आठवतं? सांगताना केवढ्या हसत होतात!"

आठवत होते. वीस वर्षे रस्त्यात नुसती मान हलवणारी ही माणसे त्या दुपारी प्रथमच तिचे बोलणे कान देऊन ऐकत होती. त्या सुखात ती वाहवत गेली आणि केकच्या तुकड्यासमोर तिने स्वतःची आई पानात वाढून दिली. फेनेलाची तिला किळस आली. पण त्याहून तीव्र जुगुप्सा वाटली ती स्वतःच्या जिभेची.

"प्यायली होती ती," विनिफ्रेड म्हणाली. "त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या भावाला पुरलं होतं तिनं. तेही सांगितलं होतं मी."

"हो, पण ते जरा उदास वाटलं हो. लोक मुलंबाळं घेऊन येतात ना."

विनिफ्रेडने फीत तिला परत केली आणि ऐंशी वर्षांचे गुडघे कसेबसे टेकून ती टोपलीपाशी बसली.

"अगं बाई, बघा तरी, कशी सोंग वठवतेय!" गर्दीतून कुणी ओरडले. टाळ्या पडल्या.

रुमालाला थुंकी लावून तिने ते नाक पुसले. रंग पक्का होता. तो गालांवर पसरला मात्र. मग तिने बाटली काढून घेतली, गवताचे पाय खाली घेतले, झगा घोट्यांपर्यंत ओढला आणि खालून वर एकेक बटण लावीत आणले. टाळ्या विरळ होत थांबल्या. कॉलिनने टोपी काढली, आणि काय करावे न सुचून तो ती हातात फिरवीत राहिला.

सर्वांत वरचे बटण तुटलेले होते. तेथे विनिफ्रेडने आपला तळवा ठेवला. माणसे एकेक करून चहाच्या तंबूकडे निघून गेली, तरी तिने तो उचलला नाही.