तीन सॉफ्टवेअर आणि ड्यूटीचा तक्ता

सव्वीस वर्षं बस चालवल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांनी ड्रायव्हरकाकांना स्टिअरिंगवरून उतरवलं. आता डेपोत दोनच जागा होत्या: गेटवर गाड्यांचे नंबर टिपणं, नाहीतर ड्यूटी लावायच्या खोलीतली खुर्ची. मॅनेजरबाईंनी साफ सांगितलं होतं, "शुक्रवारी कॉम्प्युटरवर ड्यूटीचा तक्ता काढून दाखवा. नाही जमलं तर गेट." दुसऱ्यांनी चालवलेल्या गाड्या दिवसभर नुसत्या बघायच्या, हे काकांच्या जिवावर आलं होतं.

तसे काका कच्चे नव्हते. तीन महिने क्लासला जाऊन प्रोग्रॅम लिहायला शिकले होते. पण तो लिहायचा कशात, यावर घरात सल्ल्यांचा पाऊस पडला. साडू कॉम्प्युटर कंपनीत साहेब. त्यांनी एक भलंमोठं सॉफ्टवेअर घालून दिलं, ते उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. लेकीने दुसरं घातलं, "बाबा, सगळे हेच वापरतात." क्लासमधलं साधंसुधं तिसरं होतंच. काका कुणाला नाही म्हणतील तर शपथ! तिन्ही ठेवून घेतली.

आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. तक्त्यात एकाच ड्रायव्हरला सकाळी सहाच्या दोन-दोन गाड्या. काका चूक दुरुस्त करायचे, प्रोग्रॅम चालवायचे, पुन्हा तेच. दोन दिवस नुसती डोकेफोड. बुधवारी सकाळी उजेड पडला: दुरुस्ती होत होती लेकीच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि चालत होती साडूंच्या सॉफ्टवेअरमधली जुनी प्रत. एका गाडीचे ब्रेक दुरुस्त करून काका दुसरीच रस्त्यावर काढत होते.

"अहो, डेपोत कधी दोन गाड्यांवर एकदम बसलात का?" बायको हसून म्हणाली.

काकांनी दोन्ही काढून टाकली. साडूंचा लगेच फोन, "अहो, ते क्लासमधलं म्हणजे पोरखेळ आहे."

"असू दे. अक्षर मोठं केलं तरी त्यात सगळं मावतं, आणि चालवायला एकच बटण. मला दिसतं ते माझं," काका म्हणाले आणि कामाला बसले.

शुक्रवारी मॅनेजरबाई शेजारी उभ्या राहिल्या. तक्ता निघाला, अगदी बिनचूक. तेवढ्यात गेटवरून फोन आला: आठच्या गाडीचा ड्रायव्हर तापाने पडलाय.

काका खुर्चीतून अर्धे उठलेसुद्धा. "मी काढतो गाडी" हे ओठांवर आलं होतं. मग ते खाली बसले. स्टिअरिंग आता आपलं नव्हतं. पण हात थांबले नाहीत. आजारी माणसाचं नाव काढलं, बटण दाबलं, आणि आठच्या गाडीपुढे राखीव ड्रायव्हरचं नाव आलं.

मॅनेजरबाईंनी ते फोनवर वाचून दाखवलं. मग म्हणाल्या, "आणि हो, यापुढे ड्यूटीचं मला विचारू नका. काकांना विचारत जा."