गोळी आणि शिडी

ताई सकाळपासून कण्हत होती. "अंग अंग ठणकतंय रे. गाठ परत आली बघ."

गाठ आली नव्हती. मागच्याच आठवड्यातला स्कॅन स्वच्छ होता. मी तिच्या गोळ्यांचं पाकीट उघडलं आणि माझं डोकं फिरलं. शनिवारपासूनच्या गोळ्या तशाच होत्या.

"बंद केल्यास?"

"पाटी रंगवायचीय. गोळी घेतली की शिडीवर भोवंडतं."

ताई दुकानांच्या पाट्या रंगवते, आणि मी प्रयोगशाळेत नेमका तिच्या गाठीतल्याच रिसेप्टरवर काम करतो. टायरोसिन कायनेज जातीचा. पेशीच्या दारावरचा दरवान म्हणा. गर्भात मज्जातंतूंसाठी बाहेरून 'वाढ' असा निरोप येतो, तो हा आत पोचवतो. ताईच्या गाठीत त्याचं जनुक तुटून भलत्याच जनुकाला चिकटलं, आणि निरोप नसतानाही हा बाबा 'वाढ, वाढ' ओरडत सुटला. गोळी त्याचं तोंड दाबते. पण शहाणा दरवान कुठला आणि वेडा कुठला, हे तिला कळत नाही. मज्जातंतूंवरचेही गप्प होतात, म्हणून तोल जातो. गोळी एकदम सोडली की तेच पुन्हा जागे होतात आणि अंग ठणकायला लागतं.

परिषदांमध्ये हे सांगून मी टाळ्या घेतल्यात. घरात मात्र पालथ्या घड्यावर पाणी. ताईची चीड येत होती, गोळीची येत होती, आणि सगळ्यात जास्त माझ्या शहाणपणाची. इतकी वर्षं त्या दरवानाशी झटतोय, पण ताईला एका साध्या शिडीवर धड उभं करता येत नाही!

"डोस कमी करायला सांगू डॉक्टरांना?"

"एकदा केलाय. आणखी केला तर गाठ डोकं वर काढेल म्हणाले."

"मग शिडी सोड!"

"आणि काय करू? तुझ्यासारखी नळ्या हलवत बसू?" ती कळवळतच उठली. "आण ती गोळी. घेते. पण पाटी मीच पुरी करणार. शिडी तू धरायचीस."

डॉक्टरांना फोन करून तिनं माझ्यासमोर गोळी गिळली. दोन दिवसांनी ठणका थांबला आणि आम्ही दुकानासमोर उभे राहिलो. ती चार पायऱ्या चढली, ब्रश टेकवला आणि खेकसली, "अरे, हलवतोस कशाला?"

मी शिडी दोन्ही हातांनी धरून छातीनं भिंतीला रेटली होती. शिडी तसूभरही हलत नव्हती.

"चुकलं, ताई," मी म्हणालो.