सीलबंद खोक्यातला व्हायरस

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. पडदा पिवळा पडलाय, पंखा कुरकुरतो, पण डोकं अजून शाबूत आहे. मधे एकदा मात्र ते पार बिघडलं होतं. तीच हकिगत सांगतो.

माझी नोकरी कृत्रिम पाय बनवायच्या कारखान्यात. कारखाना कसला, दोन खोल्या! एकीत कारागीरकाका पाय घडवायचे. दुसरीत त्यांच्या वहिनी माझ्यासमोर बसून मापं भरायच्या. एका पायाची चाळीस-चाळीस मापं, आणि सगळी माझ्याच पोटात. दुसरीकडे कुठे नक्कल नाही. "हा एकदा सांगितलेलं कधी विसरत नाही," असं काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि मी फुशारून जाई.

वहिनींचा नियम कडक. बाहेरून आलेली फ्लॉपी आधी व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रामने तपासायची, मगच उघडायची. सख्ख्या भावाची फ्लॉपीसुद्धा त्यांनी सोडली नव्हती. बिचारा तासभर फुगून बसला होता.

एके दिवशी काका पायाची आकृती काढणारा नवा प्रोग्राम विकत घेऊन आले. चकचकीत खोकं, वर प्लास्टिकचं वेष्टन.

"भावजी, आधी तपासू या का?" वहिनींनी विचारलं.

"अहो वहिनी, दुकानातून सीलबंद आणलंय! रस्त्यावरून उचलून नाही आणलं. लावा बिनधास्त."

वहिनी जरा घुटमळल्या आणि त्यांनी फ्लॉपी माझ्यात सरकवली. मी काय, देतील ते मुकाट्याने घेणारा. नंतर काही दुखलंखुपलं नाही, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही.

त्याच सुमारास भिंगरीच्या पायाचं काम चालू झालं. भिंगरी आठ वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून काकांनीच तिला हे नाव ठेवलेलं. तिचा जुना पाय आखूड झाला होता आणि टोचायचा. शुक्रवारी शाळेची सहल टेकडीवर जाणार होती. त्याआधी नवा पाय देतो, असा काकांनी शब्द दिला होता.

बुधवारी ती आईबरोबर आली. नवा पाय चढवला, उभी राहिली आणि एका बाजूला कलली.

"काका, हा माझा नाहीये," ती म्हणाली.

पाय चांगला दोन बोटं लांब होता! काकांनी माझ्यातली मापं पुन्हा पाहिली. पाय त्या मापांबरहुकूम होता. मापंच खोटी होती.

लगेच कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंना बोलावलं. त्यांनी सगळं तपासलं. व्हायरस त्या नव्या कोऱ्या फ्लॉपीतून आला होता आणि माझ्यातले आकडे गुपचूप इकडचे तिकडे करत होता. काका तणतणत दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "एका गिऱ्हाइकाने वापरून परत केलेलं खोकं होतं ते. आम्ही फक्त नवं प्लास्टिक चढवलं."

काका परत आले तेव्हा मायलेकी तिथेच बसलेल्या होत्या. काका भिंगरीसमोर फरशीवरच बसले.

"पोरी, सहलीपर्यंत नाही गं जमणार. नव्याने करायला तीन आठवडे लागतील. चूक माझी आहे. वहिनी सांगत होत्या, मीच ऐकलं नाही."

भिंगरीने एकदा आईकडे पाहिलं. पण ती रडली नाही. तिने पाय पुढे केला.

"मग मोजा," ती म्हणाली. "मी हलणार नाही."

आणि खरंच, ती पोरगी अर्धा तास हलली नाही. काकांनी एकेक माप दोन-दोनदा घेतलं आणि कागदावरही लिहून ठेवलं. एवढी शरम मला आयुष्यात वाटली नाही.

तेव्हापासून खोकं कितीही चकचकीत असो, आधी तपासणी होते. मापांची नक्कल रोज वेगळ्या फ्लॉपीवर उतरते आणि ती फ्लॉपी वहिनी कपाटात ठेवतात.

मित्रांनो, तुमच्या कॉम्प्युटरलाही एवढं जपा. आमच्यासाठी नका जपू, आम्हाला काही दुखत नाही. दुरुस्तीवाल्या बाईंनी माझ्यातलं सगळं पुसून मला दुपारभरात धडधाकट केलं. भिंगरी मात्र तीन आठवडे लंगडत शाळेत गेली.