गॅसची दहा मिनिटं

सकाळपासून नर्सताईंचं अर्धं डोकं ठणकत होतं, आणि नेमके अर्धशिशीचेच पेशंट त्यांच्या गळ्यात पडले होते. समोरच्या शिक्षिकाबाईंच्या नाकपुडीत त्यांनी नळी बसवली. तिच्यातून गॅसबरोबर औषध नाकात जायचं.

"दहा मिनिटं तोंडानं श्वास घ्या. बोलायचं नाही. तुमच्याशीही कुणी बोलणार नाही," असं बजावून त्यांनी दिवा मालवला.

दहा मिनिटांनी बाई उठल्या. "डोकं कसं हलकं झालं हो! जादू आहे तुमच्या गॅसमध्ये."

त्या गेल्यावर नर्सताई सिलिंडर बंद करायला वाकल्या. चावी उघडलीच नव्हती! त्यांनी कपाळावर हात मारला. मग आतून कडी घातली, नवी नळी स्वतःच्या नाकात खुपसली आणि चावीला हात न लावता खुर्चीत अंग टाकलं.